दुसऱ्या पदवीचा दरवाजा

गेल्या सुक्कोथच्या दिवसांत सिनेगॉगच्या अंगणातील सुक्क्यात चारचौघी बसल्या असता एका भगिनीने आम्हांस एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "बाई, देवाच्या कृपेने आमची धाकटी इंजिनिअर झाली. आता चांगली नोकरी धरावी, तर म्हणते आणखी दोन वर्षे शिकायचे आहे. बायोमेडिकल इंजिनिअरिंगची दुसरी पदवी घ्यायची आहे. मी विचारले, म्हणजे तू डॉक्टर होणार का? ती म्हणते, नाही. मग इंजिनिअर तर ती आहेच! हे मधलेच काय काढले आहे, ते तुम्हीच सांगा."

सभोवतालच्या भगिनी हसल्या. आम्हीही हसलो. परंतु घरी आल्यावर त्या प्रश्नाने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. कारण हा प्रश्न आज एकाच घरातला राहिलेला नाही. आपली पहिली पिढी या देशात आली तेव्हा डिमोना, बीअरशेबा, अश्दोद, लोद, रामले येथे जे काम मिळाले ते तिने पत्करले. कोणी गिरणीत उभे राहिले, कोणी कारखान्यात, कोणी इस्पितळात रुग्णांची सेवा केली. दुसऱ्या पिढीने तंत्रशाळेतून हातात कसब घेतले. आता तिसरी पिढी विद्यापीठाच्या पायऱ्या चढू लागली आहे, आणि पहिली पदवी हातात पडल्यावर "पुढे काय?" हा प्रश्न घराघरांत उभा राहत आहे. त्यास उत्तर देण्याचा आम्ही येथे यथाशक्ती प्रयत्न करीत आहोत. ते देताना आमची स्वतःची एक जुनी चूकही आम्हांस कबूल करावी लागणार आहे.

हे "मधलेच" म्हणजे काय?

डॉक्टर रोग जाणतो आणि इंजिनिअर यंत्र जाणतो. परंतु यंत्र जेथे माणसाच्या शरीराला भिडते, ती जागा दोघांपैकी एकट्याच्या ताब्यातली नसते. त्या जागेचे शास्त्र म्हणजे बायोमेडिकल इंजिनिअरिंग. हृदयाची गती सांभाळणारा पेसमेकर, रक्तवाहिनी उघडी ठेवणारा स्टेंट, कृत्रिम सांधा, एमआरआयचे यंत्र, बहिऱ्यास ऐकू आणणारे कानातील उपकरण, ही सारी त्या मधल्या जागेत जन्मास आली आहेत.

डायलिसिसचेच उदाहरण घेऊ. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मधुमेह आहे, आणि मधुमेहामागून मूत्रपिंडाचे दुखणे येते हे निराळे सांगावयास नको. हे यंत्र प्रथम बनविले ते विलेम कोल्फ नावाच्या एका डच डॉक्टराने, १९४३ साली, नाझींच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, कांपेन गावच्या लहानशा इस्पितळात. साहित्य मिळण्याची मारामार. सॉसेजच्या वेष्टणासाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या त्यांनी लाकडी पिंपाभोवती गुंडाळल्या, ते पिंप क्षारयुक्त पाण्याच्या टाकीत फिरते ठेवले आणि रुग्णाचे रक्त त्या नळ्यांतून खेळविले. सुरुवातीचे जवळजवळ सर्व रुग्ण दगावले. अखेर १९४५ साली सदुसष्ट वर्षांची एक स्त्री त्या यंत्रामुळे बेशुद्धीतून उठून बसली. हेच कोल्फ त्या काळात यहुद्यांना आसराही देत होते, आणि पुढे याद वाशेमने त्यांचा व त्यांच्या पत्नीचा गौरव केला, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्याजोगी आहे.

आज ते यंत्र पुष्कळ सुधारले आहे. तरी त्यामागील तत्त्व तेच आहे. पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त व दुसऱ्या बाजूने द्रावण वाहते, आणि रक्तातील विषारी द्रव्ये पडद्यातून पलीकडे झिरपतात. द्रावण मिनिटास साधारण अर्धा लिटर या वेगाने वाहते. म्हणजे चार तासांच्या एका बैठकीत सुमारे १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून जाते, आणि अशा बैठका आठवड्यास बहुधा तीन. जे नळाचे पाणी आपण निर्धास्तपणे पितो तेच येथे घातक ठरू शकते. नगरपालिका पाणी निर्जंतुक करण्यासाठी क्लोरामाइन घालते. पोटात गेल्यास त्याचा उपद्रव नाही, परंतु पडद्यातून रक्तात उतरल्यास तांबड्या पेशी फुटतात. १९७० च्या दशकात पाण्यातील ॲल्युमिनियम साचून कित्येक डायलिसिस रुग्णांच्या मेंदूवर परिणाम झाल्याचे उघडकीस आले. यंत्र बिघडले नव्हते. डॉक्टरचे निदानही चुकले नव्हते. चूक त्या मधल्या जागेत होती, आणि ती पाहण्यास दोन्ही विद्या जाणणारा मनुष्य हवा होता.

आपल्या या देशात त्या विद्येस चांगले घर मिळालेले आहे. हैफाच्या तेखनियोनमध्ये या विषयाचा विभाग १९६८ साली सुरू झाला. तेल अवीवच्या व बीअरशेबाच्या विद्यापीठांतही हा विषय शिकविला जातो, आणि बीअरशेबात तर सोरोका इस्पितळ विद्यापीठाच्या शेजारीच आहे. गव्रिएल इद्दान हे संरक्षण खात्याच्या राफाएल संस्थेतील इंजिनिअर. क्षेपणास्त्रास दृष्टी देणारी साधने बनविणे हे त्यांचे काम. त्यांनी पोटदुखीच्या रोग्यासाठी गिळता येईल असा कॅमेरा बनविला. औषधाच्या गोळीएवढी ती कुपी आतड्यातून जाता जाता चित्रे पाठविते, आणि २००१ साली अमेरिकेत तिच्या वापरास मान्यता मिळाली. अमित गोफेर हे इंजिनिअर १९९७ साली अपघाताने हातापायांनी अधू झाले. त्यांनी कमरेखाली लुळ्या झालेल्या माणसास उभे करून चालविणारी यंत्ररचना तयार केली, मात्र त्यांच्या स्वतःच्या हातांत तेवढे बळ नसल्याने आरंभी ती त्यांच्या उपयोगी पडू शकली नाही.

तेखनियोनचा विभाग उघडला त्याच १९६८ साली आपल्या जन्मभूमीत जयपूर येथे रबरी पाय तयार झाला. रामचंद्र शर्मा हे शाळेत फारसे न शिकलेले कारागीर, आणि प्रमोद करण सेठी हे निष्णात शल्यविशारद. मांडी घालून बसता यावे, अनवाणी शेतात जाता यावे, ही आपल्याकडील माणसाची गरज परदेशी कृत्रिम पायास ठाऊक नव्हती. ती या दोघांनी ओळखली. एकाच्या हातात कसब होते, दुसऱ्यापाशी शास्त्र होते. हे दोन्ही एकाच माणसात आणण्याचा प्रयत्न म्हणजेच ही पदवी, असे आम्ही त्या भगिनीस सांगू.

पदवीचे दोन मार्ग

आता व्यवहाराकडे वळू. दुसऱ्या पदवीचे या देशात दोन मार्ग आहेत, आणि पुष्कळ आईबापांस, कित्येकदा मुलांसही, त्यांतील भेद नीट ठाऊक नसतो.

पहिला मार्ग प्रबंधाचा. त्यात विद्यार्थी एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत दाखल होतो, काही विषय शिकतो आणि मुख्यतः एका प्रश्नावर संशोधन करून प्रबंध लिहितो. अशा विद्यार्थ्यास बहुधा शिष्यवृत्ती मिळते, आणि पुढे डॉक्टरेट करावयाची झाल्यास रस्ता मोकळा असतो. दुसरा मार्ग व्यावसायिक पदवीचा. त्यात प्रबंध नसतो. विषय अधिक घ्यावे लागतात, बहुधा एक अंतिम प्रकल्प करावा लागतो, आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा भरणा अधिक असतो. शिष्यवृत्तीची आशा मात्र थोडी. फी बहुतेकांस आपल्याच खिशातून भरावी लागते, आणि ती पहिल्या पदवीच्या फीपेक्षा जास्त असते.

"प्रबंध नाही म्हणजे पदवी हलकी" असे म्हणणारे आपल्यात आहेत. आम्हांस ते मान्य नाही. ज्यास कारखान्यात किंवा इस्पितळात यंत्र घडवावयाचे आहे, तपासावयाचे आहे, त्यास मान्यता मिळवून द्यावयाची आहे, त्याच्या कामास ही पदवी उत्तम. शरीरक्रियाशास्त्र, हृदयाच्या व मेंदूच्या विद्युत्संकेतांचे गणित, प्रतिमांचे शास्त्र, शरीरात टिकतील असे धातू व प्लास्टिक, रक्ताच्या प्रवाहाचे नियम, संख्याशास्त्र, असे विषय त्यात येतात. शिवाय यंत्र नुसते चालून भागत नाही. ते निर्धोक आहे हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते, येथे आरोग्य खात्यापुढे, युरोपात व अमेरिकेत तेथील अधिकाऱ्यांपुढे. हेही एक शास्त्र झाले आहे आणि त्याची माणसे हवी असतात.

परंतु दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. हा मार्ग धरून चार वर्षांनी डॉक्टरेटची इच्छा झाली, तर प्रबंधाची उणीव आधी भरून काढावी लागते आणि त्यात वेळ जातो. ज्याची पहिली पदवी विद्युत् किंवा यंत्र शाखेची आहे त्यास शरीरशास्त्राचे पूरक विषय घ्यावे लागतात. या देशात लष्करी सेवा आटोपून चार वर्षांची पहिली पदवी होईपर्यंत वयाची पंचविशी सरलेली असते. त्यात आणखी दोन वर्षे म्हणजे लग्नाच्या गोष्टी, घराचे कर्ज, आईबापांचे उतारवय, सारे एकदम दारात उभे राहते. तेव्हा प्रवेशपत्रावर सही करण्यापूर्वी मुलाने किंवा मुलीने एवढेच स्वतःस विचारावे: मला प्रश्न शोधावयाचे आहेत की यंत्र घडवावयाचे आहे? उत्तर पहिले असल्यास प्रबंध करावा. दुसरे असल्यास व्यावसायिक पदवी घ्यावी, आणि त्याची लाज बाळगू नये.

आमची चूक

येथपर्यंत आम्ही शहाणपणाने बोललो. आता कबुलीजबाब.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही दक्षिणेकडील एका शाळेत गणित शिकवीत होतो. दहावीच्या वर्गात आपल्याच समाजाचा एक मुलगा होता. अक्षर वाईट, हिब्रू अडखळत बोले, परंतु बिघडलेला पंखा, रेडिओ, शाळेतील प्रक्षेपक, जे हाती येई ते उघडून पुन्हा जोडी. गणितात पाच यूनिटांच्या वर्गात तो कसाबसा तग धरून होता. वर्षाच्या मध्यावर त्याची आई आमच्याकडे आली. कामावरून परस्पर आली होती. अंगावर इस्पितळातला पोशाख तसाच होता. तिने विचारले, "बाई, याला पाच यूनिट झेपतील का?" घरी पगाराची निकड आहे हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही म्हणालो, "कशाला त्याचे हाल करता? तीन यूनिट घेऊ द्या. हाताने हुशार आहे. हंदसाईचा अभ्यासक्रम करील, लवकर मिळवता होईल."

आईने आमच्या शब्दावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? आमच्यापाशी अध्यापनाचे शिक्षण होते, आणि आम्ही आपल्याच समाजाचे होतो.

मुलगा हंदसाई झाला. लष्करी सेवा करून एका इस्पितळात डायलिसिसची यंत्रे सांभाळू लागला. आम्हांस त्याचा अभिमान वाटे, आणि आपला सल्ला बरोबर ठरला असे समाधानही वाटे. पुढे त्याचे वडील त्याच विभागात रुग्ण म्हणून येऊ लागले. तो यंत्र दुरुस्त करी आणि त्याच यंत्रावर वडील बसत. त्याच्या मनात प्रश्न येऊ लागले. पडदा असाच का? रक्ताचा दाब मध्येच का पडतो? पाणी गाळण्याची व्यवस्था बदलली तर काय होईल? तो तेथील इंजिनिअरांस विचारी. ते सौजन्याने सांगत, पण ते गणितात सांगत, आणि गणित त्यास कळत नसे. तीन यूनिटांच्या गणितावर इंजिनिअरिंगच्या वर्गात पाऊल टाकता येणे जवळजवळ अशक्य. तिशीच्या उंबरठ्यावर, घरी तान्ही मुलगी असताना, तो मखिनात, म्हणजे पूर्वतयारीच्या वर्गात, जाऊन बसला आणि अठरा वर्षांच्या पोरांबरोबर बगरूतचे पाच यूनिटांचे गणित नव्याने शिकला. मग नोकरी सांभाळत विद्युत् शाखेची पहिली पदवी घेतली. वडील ती पाहण्यास राहिले नाहीत. चाळिशी ओलांडल्यावर त्यास बायोमेडिकलच्या व्यावसायिक पदवीस प्रवेश मिळाला. जेथे तो पंचविशीत पोहोचला असता तेथे पोहोचण्यास त्यास आणखी पंधरा वर्षे लागली.

मागील वर्षी एके संध्याकाळी तो आमच्या घरी आला. आम्हांस वाटले, प्रवेशाचे पेढे घेऊन आला असेल. पेढे होतेच; परंतु काम निराळे होते. त्याची मुलगी आता दहावीत आहे. शाळेने कळविले होते की तिला पाच यूनिटांवरून खाली उतरवावे. तो म्हणाला, "बाई, मी तुम्हाला दोष द्यायला आलो नाही. तेव्हा घराला पगार हवाच होता. पण शाळेत जाऊन 'नाही' कसे म्हणायचे ते मला सांगा. माझ्या आईला ते कोणी सांगितले नव्हते."

आम्ही त्यास चहा दिला आणि थोडा वेळ आमच्याने बोलवेना. मग आम्ही वही काढली. आता दर मंगळवारी आणि गुरुवारी ती मुलगी आमच्याकडे येते. ती पाच यूनिटांच्या वर्गात अजून टिकून आहे. पुढे काय होईल ते सांगता येत नाही. ती इंजिनिअर होईल की चित्रकार होईल, तिची मर्जी. दार बंद झाले नाही, एवढेच आमचे समाधान.

सावळ्या बोटाचा प्रश्न

कोणी म्हणेल, इंजिनिअर पुष्कळ आहेत. आपल्याच मुलांनी या विद्येत का जावे? त्यास आम्ही एका लहानशा उपकरणाचे उदाहरण देतो. कोरोनाच्या साथीत आपण सर्वांनी ते बोटास लावून पाहिले आहे: रक्तातील प्राणवायू दाखविणारा ऑक्सिमीटर. ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअराने १९७४ च्या सुमारास त्याचे तत्त्व शोधले. तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवावयाचे आणि त्यांपैकी किती शोषले गेले यावरून रक्ताची स्थिती ताडावयाची. युक्ती सुरेख आहे. पण त्वचेतील रंगद्रव्यही प्रकाश शोषते. यंत्राचे माप बसविताना ज्यांच्या बोटांवर प्रयोग झाले त्यांत गोऱ्या कातडीची माणसे अधिक होती. २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसून आले की, यंत्र आकडा ठीक दाखवीत असताना रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात धोक्याइतका कमी असण्याचे प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने निरनिराळ्या वर्णांच्या माणसांवर ही यंत्रे अधिक काटेकोरपणे तपासावीत असा मसुदा काढला. म्हणजे यंत्र वापरात येऊन कित्येक दशके लोटल्यावर.

येथे कोणी दुष्टावा केला असे आम्ही म्हणत नाही. ज्या मेजाभोवती यंत्राचे माप ठरले तेथे सावळे बोट पुढे करून "माझ्यावरही लावून पाहा" असे म्हणणारा कोणी नव्हता, किंवा पुरेसे नव्हते. आपण सावळ्या वर्णाची माणसे आहोत. या देशात आपल्या वर्णावरून आपल्या यहुदीपणाचीही विचारपूस झाली होती, आणि १९६४ साली तो वाद संपेपर्यंत आपल्या वडीलधाऱ्यांनी काय सोसले ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा दारात उभे राहून न्याय मागावा लागला. आता आत जाऊन मेजाशी बसण्याची वेळ आहे, आणि त्यासाठी ही पदवी हवी.

हे आपल्या समाजास नवेही नाही. डॉ. जेरुशा झिराड या आपल्याच समाजाच्या कन्या. त्यांनी लंडनला जाऊन १९१९ साली एम. डी. ही पदवी मिळविली, मुंबईच्या कामा इस्पितळात शेकडो माउल्यांची सेवा केली, आणि १९६६ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली. त्या काळी आपल्या समाजाची मुलगी सागर ओलांडून शिकण्यास गेली; आज आपल्या मुलींस केवळ बसने हैफास किंवा बीअरशेबास जावयाचे आहे.

आईबापांस विनंती

शेवटी दोन शब्द. दुसऱ्या पदवीचा दरवाजा विद्यापीठात उघडतो असे आपण समजतो. वस्तुतः तो दहावीच्या वर्गात उघडतो किंवा बंद होतो, आणि बंद होताना त्याचा आवाजही होत नाही. कोणी प्रेमळ शिक्षक "कशाला हाल करता?" असे म्हणतो आणि आपण आभार मानून घरी येतो. तेव्हा मुलास पाच यूनिटांवरून खाली उतरवावयाचे सुचविल्यास लगेच सही करू नये. एक सहामाही मागून घ्यावी. शिकवणीची सोय विचारावी. पैशाची अडचण असल्यास संकोच न करता सांगावे. आपल्या समाजात निवृत्त शिक्षक आहेत, इंजिनिअर झालेली मुले आहेत, आणि सिनेगॉगची खोली आठवड्याचे सहा दिवस संध्याकाळी रिकामी असते. ज्यांना आठवड्यातून एक तास देता येईल त्यांनी पुढे यावे. मंगळवार व गुरुवार आमचे ठरलेलेच आहेत. वहीत आणखी चार नावे मावतील.

आणि सुक्क्यातील त्या भगिनीस आमचे उत्तर असे: बाई, तुमची मुलगी डॉक्टर होणार नाही हे खरे. पण ज्या यंत्रावर डॉक्टर विसंबतो ते आपल्या बोटासही खरे सांगते की नाही, हे ती पाहील. तिने मार्ग कोणता निवडला आहे तेवढे मात्र तिच्याशेजारी बसून विचारा. प्रबंधाचा की व्यावसायिक, आणि का. तिला उत्तर देता आले, तर दोन वर्षे तिला द्या. लग्नाची गोष्ट थांबेल. ती येते तेव्हा आपण सगळे मालिद्याला येऊच.

एलियाहू हान्नबीच्या कृपेने आपल्या मुलांची विद्या वाढो. शालोम.